एकट्याचा वाद्यवृंद

लातुरातल्या किंवा नांदेडातल्या एखाद्या खोलीत बसून एका सिंथेसायझरवर, रागसंगीताच्या आधाराने, पूर्ण वाद्यवृंदाची रचना आज एकट्याला करता येते. व्हायोलिनचा ताफा, बासऱ्या, पखवाज, मागे तानपुरा, सारे दहा बोटांतून निघते. प्रश्न वरवर कलेचा दिसतो, पण मराठवाड्यात तो धर्माचा होतो. नादाला ब्रह्म मानणाऱ्या परंपरेचा एक थोर ग्रंथ याच भूमीत लिहिला गेला. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाचे काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. विजेतून उमटलेल्या स्वराला नाद म्हणावे का, हे त्यालाच विचारून पाहू.

शार्ङ्गदेवाच्या मते नादाचा उगम इच्छेत आहे. आत्म्याला काही बोलावेसे वाटते, तो मनाला चाळवतो, मन देहातल्या अग्नीला, अग्नी प्राणवायूला. मग तो वायू नाभी, हृदय, कंठ असा चढत मुखातून प्रकट होतो. वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग तो नंतर सांगतो. सिंथेसायझर यांपैकी कशातच बसत नाही, हे खरे. परंतु हे वर्ग ध्वनी कशाने निघतो एवढेच सांगतात. पावित्र्याची उतरंड त्यांत नाही. यंत्राला देह नाही, असा आक्षेप कुणी घेईल. देह तर वीणेलाही नाही. वाजवणाऱ्याची इच्छा लाकूड आणि तार ओलांडून पोहोचते, तशी ती विजेचे मंडल ओलांडूनही पोहोचू शकते. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या तबकडीसाठी दहा राग सिंथेसायझरवर वाजवले. ठेका यंत्राचा आहे, तरी स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी मींड त्यात ऐकू येते. राग यंत्रात मरतो, हे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

नांदेडच्या शीख माणसाचा आक्षेप याहून गंभीर असेल. 2022 मध्ये अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातील कीर्तनातून हार्मोनियम टप्प्याटप्प्याने काढून रबाब, सारंदा अशी तंतुवाद्ये परत आणण्याची सूचना केली. वाद्याला महत्त्व नसते, तर एवढ्या मोठ्या धर्मपीठाने असे का सांगावे? त्या निर्णयामागे गुरूंनी घालून दिलेली परंपरा आहे आणि ती जपण्याचा अधिकार त्या पंथाचाच. मात्र 1708 मध्ये ज्या ग्रंथाला नांदेडला गुरुपद मिळाले, त्यातल्या वाणीच्या शिरोभागी राग दिलेला असतो, वाद्य नव्हे. 31 मुख्य रागांच्या त्या रचनेत आपल्या नर्सीच्या नामदेवांची 61 पदे आहेत, तीही रागांखालीच. हार्मोनियमची उणीव अशी की पट्टीवरचा स्वर जागचा हलत नाही. सिंथेसायझरला स्वर वाकवणारे चाक असते, सप्तकाची जुळणीही बदलता येते. बावीस श्रुतींच्या जवळ तो पेटीपेक्षा अधिक जाऊ शकतो. तेव्हा स्वराच्या कसोटीवर त्याला नाकारण्याचे कारण उरत नाही.

मला अडवतो तो शार्ङ्गदेवाचाच दुसरा विचार. उत्तम वृंदासाठी तो माणसे मोजून देतो: चार मुख्य गायक, आठ साथीचे, बारा गायिका, चार बासरीवादक, चार मृदंगवादक. एकूण बत्तीस. मग वृंदाचे सहा गुण सांगतो. मुख्य गायकामागून जाणे, एकमेकांत मिसळणे, तालाला धरून राहणे, मंद्र, मध्य, तार या तिन्ही स्थानांत पोहोचण्याची ताकद, आवाजांचे साम्य. हे पाचही गुण यंत्रात आणता येतात, काही तर माणसांपेक्षा सहज. उरलेला गुण आहे एकाची चूक दुसऱ्याने निभावून नेणे. संगीताच्या ग्रंथात हे वाचताना मी थांबतो, कारण हा गुण कानाचा नाही, शीलाचा आहे. वारकरी भजनात बुवांचा दम संपतो तिथे टाळकरी चरण उचलतात. ऐकणाऱ्याला खंड कळतही नाही. एकट्याच्या वृंदात कुणी चुकत नाही, म्हणून कुणाला सावरावेही लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्युमनाइझ’ नावाची सोय असते, ती स्वरांना यदृच्छेने थोडे मागेपुढे सरकवते. त्यात चूक आली, पण निभावणारा आला नाही.

यावर कुणी म्हणेल, एकांतातही उपासना असते, एकटा वीणावादक कुणाचा आधार घेतो? बरोबर आहे, आणि अशी रचना एकांताची उपासना म्हणून मला पूर्ण मान्य आहे. शिवाय सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईच्या एनसीपीएत आहे. लातूरच्या विद्यार्थ्याला चाळीस व्हायोलिनवाले कुठून मिळावेत? त्याच्या हातून हे साधन काढून घेणे अन्याय होईल. फक्त ती रचना मंदिरात किंवा सप्त्याच्या मांडवात नेताना त्याने मुख्य गायकाची जागा रिकामी ठेवावी, टाळ माणसांच्या हाती द्यावेत, आणि गाणाऱ्याचा दम सुटला तर यंत्राची लय थोपवून धरायला स्वतः पट्ट्यांशी बसावे.