क्षमेच्या पुढचे पाऊल

गेल्या वर्षी मे महिन्यात तीन भावंडे आमच्या भेटीस आली. मे महिन्याचा दुसरा रविवार आता आपल्या धर्मग्रामांतही ‘मदर्स डे’ म्हणून साजरा होतो. “फादर, आईला कोणती भेट द्यावी?” असा त्यांचा प्रश्न होता. साडी, बांगड्या, वेलंकणीची यात्रा, अशी यादी तयार होती. तरीही त्यांचे समाधान होत नव्हते. त्याचे कारण आम्हांस ठाऊक होते. त्यांच्या आईने तीन वर्षांपूर्वी दारू सोडली होती. ही हकीकत आम्ही त्या माउलीच्या संमतीनेच येथे मांडीत आहोत.

पुरुष प्यायला तर आपण त्याच्या संगतीला दोष देतो. स्त्री प्यायली, तीही आई, तर तिचे आईपणच नाकारतो. वास्तविक व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. सवयीच्या जखडणीमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, अशी ख्रिस्तसभेचीही शिकवण आहे. मग आईच्या वाट्याला वेगळा न्याय का?

मातांची आश्रयदाती म्हणून आपण जिला मानतो, त्या संत मोनिकेचे उदाहरण या संदर्भात आठवते. संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात आपल्या आईविषयीची एक गोष्ट निःसंकोचपणे नोंदविली आहे. लहानपणी मोनिकेला पिंपातून द्राक्षारस काढून आणण्यास पाठवीत. प्रथम तिने नुसते ओठ भिजविले. मग थेंबाथेंबाने सवय वाढत गेली आणि ती पेलेच्या पेले रिचवू लागली. एके दिवशी भांडणात दासीने तिला ‘बेवडी’ म्हणून हिणविले. तो शब्द तिच्या जिव्हारी लागला आणि तिने ती सवय कायमची सोडली. टोमण्याने माणूस सुधारतो, असा बोध मात्र यातून कोणी घेऊ नये. टोमण्यांनी खचून अधिक पिणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. आम्हांस मोलाचे वाटते ते पुत्राचे वागणे. त्याने आईचा दोष लपविला नाही आणि त्या दोषावरून तिची किंमतही ठरविली नाही.

आमच्यापुढील माउली एकदा म्हणाली होती, “फादर, मुलांनी मला क्षमा केली. पण कपाटाची किल्ली अजून सुनेकडे असते, आणि नातीला माझ्याजवळ एकटी ठेवीत नाहीत.” विश्वासावाचून क्षमा पूर्ण होते काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. धाकटा मुलगा एके काळी शाळेच्या फाटकाशी आईची वाट पाहत अंधार पडेपर्यंत उभा राहिला आहे. त्याच्या भीतीला कारण आहे. तिला निष्ठुरपणा म्हणणे अन्यायाचे होईल. क्षमा मागे घडलेल्या गोष्टींची असते, विश्वास पुढे घडणाऱ्या गोष्टींवर ठेवावा लागतो. क्षमा एका क्षणात देता येते. विश्वास मात्र रुजावा लागतो. परंतु कोणी बीच पेरले नाही, तर तो रुजणार तरी कसा?

अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या चळवळीत मद्यमुक्त माणूस जन्मभराची शपथ घेत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढेच तो ठरवितो. कुटुंबाचा विश्वासही असाच एकेका दिवसाचा असावा, असे आम्हांस वाटते.

बोलता बोलता थोरल्या मुलीला आईचे क्रोशाचे विणकाम आठवले. हात थरथरू लागले तेव्हा सुई व दोरा बिस्किटाच्या डब्यात बंद झाले होते. जुने छंद जुने दिवस परत आणीत नाहीत, आणि आणूही नयेत. त्या दिवसांतच जखमाही आहेत. परंतु दारू सोडलेल्या माणसाला सायंकाळ फार रिकामी वाटते, आणि रिकाम्या हातांना काम हवे असते.

अखेर भावंडांनी पांढरा दोरा आणला आणि आईला विनविले, “शनिवारी चार ते सहा नातीला शिकवाल का?” त्या दोन तासांत घरात तिसरे कोणी थांबत नाही. दुसरी भेट त्यांनी न सांगता दिली. त्या नाताळात घरी वाईन केली नाही, आणि केकमधील सुकामेवाही रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजविला.

पुढे काय होईल, हे आम्ही सांगू शकत नाही. ती पुन्हा घसरणार नाही, याची हमी कोण देणार? त्या दिवशी मुलांना पुन्हा दुःख होईल, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ करावा लागेल. पण घसरण्याच्या भीतीने जिला कोणी हातच दिला नाही, ती उभी तरी कशाच्या आधाराने राहील?

संत मोनिका ३८७ साली रोमजवळील ओस्तिया येथे मरण पावली. माझे शरीर कोठेही पुरा, प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण मात्र करा, एवढेच तिने मुलांकडे मागितले. आपल्याही घरांतील माता याहून फारसे काही मागत नाहीत. येत्या रविवारी वेदीपाशी त्यांची आठवण करू या. आणि घरी परतल्यावर, जिची किल्ली आपण काढून घेतली आहे तिच्या हाती, एका दिवसापुरती का होईना, ती परत ठेवू या.