कुत्रा चावला, दोषी कोण?



निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात एक नियम आहे. बैलाने हुंदडून माणूस मेला तर बैलाला ठार करावे, मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे आधी सांगूनही मालकाने त्याला आवरले नसेल, तर मालकही दोषी. म्हणजे सारा प्रश्न, ‘तुला ठाऊक होते काय?’ इतकाच.

हाच नियम आपल्या संग्रामपुरातल्या कुत्र्यांना लावून पाहू. २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. कुत्र्याला मात्र पाप लागत नाही. संत थॉमस अक्विनास म्हणतात, प्राणी विचारपूर्वक निवड करीत नाही, उपजत प्रेरणेने वागतो. व्यालेली कुत्री पिल्लांसाठी चावते. खाताना डिवचलेला, दुखणाईत, दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चावतो. पळणारे पोर दिसले की तो मागे लागतो. आणि पोर ठेंगणे, म्हणून चावा पुष्कळदा तोंडावर, मानेवर बसतो.

पाळलेल्या कुत्र्याला मालक असतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ जनावराबाबत हयगय करणाऱ्याला दोषी धरते. मोकाट कुत्र्याचे काय? मेलेले ढोर आपण गावाबाहेर टाकतो. पूर्वी ते गिधाडे फस्त करीत. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे मेली (२००६ साली त्यावर बंदी आली, पण फार उशिरा) आणि तो वाटा कुत्र्यांना मिळाला. मटणाच्या दुकानामागची घाणही आपलीच. ज्याला आपण पोसतो त्याचे मालक आपण नाही, हे म्हणणे मला पटत नाही.

विष घालणे हा उपाय नव्हे. तो गुन्हा आहे. २०२३ च्या नियमांनुसार कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांची आहे. ग्रामसभेत हा विषय कोणी काढतो का?

चावा घेतलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, सगळे डोस पूर्ण करा. रक्त आले असेल तर सिरमबद्दल विचारा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा काहीच हाती राहत नाही. मार बसेल या भीतीने मुले चावा लपवतात. आज घरी गेल्यावर त्यांना जवळ घेऊन एवढे सांगा: कुत्रा चावला तर लगेच येऊन सांग, कोणी रागावणार नाही.