‘हं’, ‘बघू’ आणि कुरआनमधील ‘उफ’

सूरह बनी इस्राईलच्या तेविसाव्या आयतीत अल्लाहने केवळ आपलीच उपासना करण्याचा आदेश दिला आहे आणि त्याला लागूनच, मध्ये दुसरा कोणताही विषय न आणता, आईवडिलांशी सद्वर्तन करण्याचा. उपासनेचा आदेश मूळ अरबीत अनेकवचनी आहे. तो सर्वांना उद्देशून आहे. वार्धक्याचा उल्लेख येताच मात्र संबोधन एकवचनी होते. आईवडिलांपैकी एक किंवा दोघेही ‘तुझ्याजवळ’ वृद्ध झाले, तर ‘तू’ त्यांना ‘उफ’ म्हणू नकोस, त्यांना झिडकारू नकोस, त्यांच्याशी आदराने बोल. प्रत्येक घरात जाऊन एकेका मुलाला समोर बसवून हे सांगितले जात आहे.

‘उफ’ हा शब्द केवढासा! अरबी कोशकारांनी त्याचा एक अर्थ कानातील मळ असा दिला आहे. वैताग आणि किळस व्यक्त करताना तो तोंडातून निघतो. कुरआनमध्ये तो तीन ठिकाणी आला आहे. सूरह अंबियामध्ये हजरत इब्राहीम (अलै.) मूर्ती आणि त्यांचे पूजक यांना उद्देशून तो उच्चारतात. सूरह अहकाफमध्ये, ईमानाकडे बोलावणाऱ्या आईवडिलांना एक उद्धट मुलगा तो ऐकवतो. आणि तिसरे ठिकाण म्हणजे प्रस्तुत मनाईचे.

मदरशात ‘उसूलुश्शाशी’ हा ग्रंथ शिकवताना उस्ताद याच आयतीचे उदाहरण देत. ज्याला भाषा कळते त्याला ऐकताक्षणीच उमगते, की मनाईचे कारण आईवडिलांना होणारी इजा हे आहे. म्हणून जिथे ‘उफ’ निषिद्ध, तिथे शिवी आणि मारहाण आपोआपच निषिद्ध ठरतात. एवढे सर्वांच्या लक्षात राहते. पण तिथेच काजी अबू जैद यांचे एक मत नोंदवलेले आहे: एखादा समाज ‘उफ’ म्हणणे हा सन्मान मानत असेल, तर त्या समाजात ते निषिद्ध ठरणार नाही. हे वाचून आम्ही विद्यार्थी हसलो होतो. असा समाज असेल तरी कुठे?

त्या मताचे वजन मला पुढे कळले. हुकूम त्या ध्वनीवर अवलंबून नसून इजेवर अवलंबून असेल, तर त्याची दुसरी बाजूही खरी ठरते. आपल्या घरात, आपल्या भाषेत ज्या शब्दाने म्हाताऱ्या जिवाला ठेच लागते, तो शब्द ‘उफ’च्या हुकुमात येतो; मग शब्दकोशात त्याचा अर्थ कितीही निरुपद्रवी असो.

बी.ए.ला मराठी व्याकरणात केवलप्रयोगी अव्यये शिकलो. तिरस्कारदर्शक अव्ययांच्या यादीत शी, छी, हट. संमतिदर्शकांच्या यादीत हां, बरं, ठीक. आता आपल्या घरांकडे पाहा. वडिलांना ‘छी’ म्हणणारा मुलगा सभ्य घरात सहसा सापडणार नाही. आपले ‘उफ’ दुसऱ्या यादीत दडून बसले आहे. “हं.” “बरं बरं.” “ठीक आहे हो.” अब्बा विचारतात, दारावर कोण आले होते? “कोणी नाही.” हयातीचा दाखला बँकेत केव्हा द्यायचा? “करतो मी,” आणि नजर मोबाईलवरच. घरातल्या लग्नाची बोलणी सुरू असतात, त्यांनी काही सुचवले की, “तुम्ही कशाला त्यात?” यातला कोणताही शब्द अपशब्द नाही. तक्रार करायची म्हटली तर काय म्हणून करावी?

आमच्या मशिदीत एक वयोवृद्ध नमाजी इशानंतरही बराच वेळ बसून राहत. एके रात्री दिवे मालवताना मी विचारले, “चाचा, घरी काही अडचण आहे का?” म्हणाले, “नाही मौलाना. जेवण वेळेवर, औषधे वेळेवर. मुलगा नेक आहे, सूनही. फक्त मी काही बोलू लागलो की सगळे ‘हं’ म्हणतात. आता मीच बोलत नाही.” आणि चपला घालताना पुन्हा मागे वळून म्हणाले, “मुलाला काही बोलू नका हं. त्याला वाईट वाटेल.”

याच संदर्भात आणखी एका शब्दाविषयी लिहिणे भाग आहे, कारण तो आपल्या दीनचा शब्द आहे. अम्मी म्हणतात, चष्म्याचा नंबर तपासायचा आहे, एकदा डॉक्टरांकडे ने. उत्तर येते, “इन्शाअल्लाह.” त्या समजून जातात की आता हे होणार नाही. सूरह कहफमध्ये अल्लाहने शिकवले, की उद्या अमुक करीन असे म्हणताना त्याच्या इच्छेचा उल्लेख करा. म्हणजे आधी करण्याचा निश्चय, आणि त्याला नम्रतेची जोड. आपण निश्चय वगळला आणि ‘बघू’ म्हणायच्या जागी अल्लाहचे नाव ठेवले! जे न्यायचेच नाही ते निदान अल्लाहच्या नावाने तरी टाळू नये.

हे वाचून ज्या आईवडिलांना समाधान वाटत असेल, त्यांनी हजरत अनस (रजि.) यांची साक्षही लक्षात घ्यावी. ते लहान वयात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. त्या काळात प्रेषितांनी (स.) त्यांना कधी ‘उफ’ म्हटले नाही, हे का केलेस किंवा ते का केले नाहीस, असेही विचारले नाही. एकदा कामाला पाठवलेला हा मुलगा बाजारात खेळणाऱ्या मुलांपाशी रेंगाळला. प्रेषित (स.) मागून आले, त्याला धरले, आणि त्याने वळून पाहिले तर ते हसत होते. नोकर म्हणून आलेल्या पोराची ही प्रतिष्ठा! आपण पोटच्या मुलांना “गप बस, तुला काय कळतं” म्हणतो, आणि वीस वर्षांनी तेच वाक्य ‘तुम्हाला नाही कळायचं’ होऊन परत येते.

हे लिहिणारा यातून सुटलेला नाही. माझी आई गावी असते. काही महिन्यांपूर्वी फोनवर ती शेजारच्या घरातली एक हकिकत सांगू लागली. मी ती दोनदा ऐकली होती. मी म्हणालो, “माहीत आहे अम्मी, सांगितलंस मागे.” आवाज चढवला नव्हता. ती म्हणाली, “हो का? सांगितलं असेल.” तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीची सुरुवात “तुला बहुतेक सांगितलं असेल” अशी करते, आणि मी काही बोलेपर्यंत थांबते.

ताबिईन पिढीतील भाष्यकार मुजाहिद (रह.) यांनी या आयतीचा अर्थ सांगताना थेट मलमूत्राचा उल्लेख केला आहे. म्हातारपणी आईवडिलांचा ताबा सुटला तरी किळस दाखवून ‘उफ’ म्हणू नकोस. तू लहान असताना त्यांनी तुझे तेच सर्व काढले, तेव्हा ते ‘उफ’ म्हणाले नव्हते. माझ्या वाट्याला तर अजून केवळ एक जुनी हकिकत ऐकणे आले होते.

गेल्या जुम्याला नमाजनंतर फोन लावला. ती म्हणाली, “शेजारचं तुला बहुतेक सांगितलं असेल.” मी म्हणालो, “नीट आठवत नाही. पहिल्यापासून सांग.” तिने पहिल्यापासून सांगितले. या वेळी त्यात एक गोष्ट नवी होती: त्या घरातली म्हातारी रोज दुपारी तिच्याकडे येऊन बसते, कारण घरी तिच्याशी कोणी बोलत नाही. ती दर वेळी या ठिकाणी पोहोचण्याआधीच मी तिला थांबवत आलो होतो.