व्हिसाची मुदत आणि दिलेला शब्द

रत्नागिरी-रायगडाकडील घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. जेद्द्यात नोकरीस असलेला मुलगा आईवडिलांना व्हिजिट व्हिसावर बोलावतो. हजचे दिवस समीप येतात. त्या व्हिसावर हजची परवानगी नसते, मुदतही संपत आलेली असते. अशा वेळी गुपचूप थांबून हज केला, तर काय हरकत आहे? काबा तर अल्लाहचे घर. तेथे जाण्यास माणसांचा कागद कशाला?

हा युक्तिवाद भावनेला पटतो. परंतु हिजरी सन ७ मधील प्रसंग आठवून पाहा. हुदैबियाच्या करारान्वये प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांचे सहाबी उमऱ्यासाठी मक्केत आले. मुक्कामाची मुदत होती फक्त तीन दिवस. अटी घालणारे कुरैश मूर्तिपूजक होते, त्यांच्याच छळामुळे प्रेषितांना हे जन्मगाव सोडावे लागले होते. मुदत संपताच कुरैशांचा निरोप आला, की आता निघावे. त्याच सफरीत हजरत मैमूना (रजि.) यांच्याशी प्रेषितांचा विवाह ठरला होता, वलीम्यापुरते थांबू द्यावे ही विनंतीही नाकारली गेली. प्रेषित निघाले, आणि मक्केबाहेर सरिफ येथे संसाराचा आरंभ झाला. काबा कोणाचे घर आहे, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक होते?

कोकणी मुसलमान ज्यांचा मजहब पाळतात, त्या इमाम शाफिई (रह.) यांनी ‘किताबुल उम्म’मध्ये हाच धागा पुढे नेला आहे. शत्रूच्या मुलुखातही मुसलमान अभयवचन घेऊन शिरला, तर ते वचन दोन्ही बाजूंना बांधते. ते त्याच्यापासून निर्धास्त, तो त्यांच्यापासून. व्हिसा म्हणजे आजचे अभयवचनच. कायदा शासनाचा असेल, पण अर्जावरची सही आपली असते. आणि सूरह माइदाची पहिलीच आयत करार पाळण्याच्या आज्ञेने सुरू होते.

ज्यांनी असा हज केला, त्यांचा फर्ज उतरला. वचनभंगाची तौबा मात्र उरते. ज्याला परवानगी मिळाली नाही, त्याची ऐपतच अद्याप पूर्ण झालेली नाही, आणि सूरह आलि इमरानने (आयत ९७) हज ऐपतीशी जोडला आहे. वर्षानुवर्षे सोडतीत नाव न लागलेल्या वृद्धेचे दुःख मला कळते. म्हणूनच, व्हिजिट व्हिसालाच हजचा मार्ग म्हणून विकणाऱ्या एजंटचा अपराध मी अधिक मोठा मानतो. २०२४ च्या हजमध्ये १,३०१ जण दगावल्याचे सौदी शासनाने जाहीर केले. त्यांतील ८३ टक्के परवानगीविना आलेले होते. तंबू नाही, बस नाही, डोक्यावर सावली नाही, अशा स्थितीत ते रणरणत्या उन्हात दूरवर चालत राहिले.

मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनी हजचा हंगाम टाळून उमरा करावा. त्या व्हिसावर तो करता येतो. परतीचे तिकीट मुदतीच्या आतले काढावे, आणि हजचा अर्ज गावी येऊन पुन्हा भरावा.