वरचा पाऊस

नाशिकला गंगेचा पूर मोजायला पट्टी लागत नाही. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात, आणि रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे; त्याच्या अंगावर पाणी कुठवर आलं एवढं सांगितलं की गावाला पुढचं कळतं. पायाला लागलं तर घाटावरचे टपरीवाले हालचाल सुरू करतात. कमरेला आलं की भांडी बाजारात आणि सराफ बाजारात तळाचा माल वरच्या फळीवर चढू लागतो. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांत पाणी थेट बाजारपेठेत शिरलं. 1969 च्या पुराची गोष्ट निघाली की जुनी माणसं अजूनही नारोशंकराच्या देवळाच्या घंटेकडे बोट दाखवतात. हे देऊळ 1747 चं, आणि घंटा वसईच्या लढाईनंतर इकडे आली असं गाव सांगतं.

गोष्ट या मारुतीसमोरची आहे. माणसं गोष्टीतली, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. जागा आणि पाण्याचा हिशोब मात्र खरा.

रामकुंडावर पूजेचं सामान विकणारी एक मावशी होती. एक लाकडी पाट, वर मोठी छत्री, पाटावर हळदकुंकू, कापूर, वाती, आणि गंगाजळाचे तांब्याचे गडू. नवऱ्यामागे तीस-एक वर्षं तिनं ही जागा सांभाळली होती. पावसाळ्यात पाट मांडायच्या आधी ती घाटावर उभी राहून पाणी बघायची. किती पायऱ्या उघड्या आहेत, हे सगळेच बघतात. मावशी पाण्याचा रंग बघायची. काठाशी हात घालून बोटांना गाळ लागतो का ते बघायची. काय वाहून येतंय तिकडे तिचं खास लक्ष असे. पाणवेली आल्या तर त्या इथल्याच, आनंदवल्लीपासून खालच्या. ताज्या तुटलेल्या फांद्या, मुळासकट उपटलेलं गवत आलं की तिचा चेहरा बदलायचा. आणि शेवटी नदीच्या वरच्या अंगाला, त्र्यंबकला दिलेल्या बहिणीला फोन. बोलणं एकाच वाक्याचं: "वर पाऊस कसाय?"

शेजारी चहाची टपरी होती. चहावाला पंचविशीतला, चुणचुणीत. त्याच्या मोबाइलवर धरणाच्या विसर्गाचे मेसेज यायचे. गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला, 1965 मध्ये पूर्ण झालेलं, मातीचं. मातीच्या धरणावरून पाणी जाऊ देता येत नाही. म्हणून ते भरत आलं आणि वरून पाणी येतच राहिलं की दरवाजे उघडावेच लागतात. किती उघडले ते क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. चहावाल्याला हे सगळं पाठ. गिऱ्हाईक चहा पिता पिता विचारायचं, "काय रे, पाणी वाढणार का?" आणि तो मोबाइल पुढे करायचा. घाटावर त्याचा शब्द चालू लागला होता, आणि ते त्याला आवडतही होतं. का आवडू नये?

त्या वर्षी नागपंचमीला मावशीनं भर दुपारी पाट उचलला. बहिणीनं फोनवर सांगितलं होतं की ब्रह्मगिरी ढगात गेलाय. चहावाल्याचा मेसेज म्हणत होता, विसर्ग किरकोळ. मावशी सामान डोक्यावर घेऊन मालेगाव स्टँडकडच्या चढावर गेली, ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर बसली. संध्याकाळपर्यंत गंगा एक पायरीसुद्धा चढली नाही. दुसऱ्या दिवशी घाटभर हसणं.

"मावशी, आज कुठं? ओट्यावर का पाटावर?" चहावाल्यानं विचारलं.

"विचारून सांगते," ती म्हणाली आणि पुन्हा फोन लावला.

मग आला तिसरा श्रावणी सोमवार. त्र्यंबकेश्वरला या दिवशी ब्रह्मगिरीची फेरी असते. रविवारी संध्याकाळपासूनच नाशिकहून एसटी भरभरून जातात, लोक कुशावर्तावर स्नान करून रातोरात डोंगराला प्रदक्षिणा घालतात, आणि सोमवारी सकाळपासून परतू लागतात. त्यातले काही रामकुंडावर येतात, कपालेश्वराचं दर्शन घेतात. कपालेश्वरासमोर नंदी नाही, ते पाहायला म्हणूनही बाहेरगावचे लोक थांबतात. गर्दीचा, धंद्याचा दिवस.

सकाळी साडेनवाला शहरात नुसती भुरभुर होती. एक गृहस्थ कुटुंबाला घेऊन नव्या गाडीतून आले. गाडी गौरी पटांगणावर लावावी का, या विचारात ते चहाच्या टपरीशी थांबले.

"लावा बिनधास्त," चहावाला म्हणाला. मोबाइल पुढे केलाच. "हे बघा, विसर्ग हजाराच्या आत. दोन-तीन तासांत तुमचं दर्शन होऊन जाईल."

"आम्ही दिवेआगरला थेट वाळूत गाडी घातली होती हो," गृहस्थ हसत म्हणाले, "समुद्राला भ्यालो नाही, तर इथं काय!" आणि गाडी लावून ते निघाले.

या गृहस्थांसारखे लोक आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून गोष्ट थांबवून थोडं सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत नाशिक-पुण्याकडची माणसं कोकणात जातात, ओहोटीची रुंद वाळू बघून गाडी आत घालतात आणि चाकं रुतली की भरतीच्या तोंडावर ट्रॅक्टर शोधत फिरतात. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला घड्याळ नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे निघते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास समुद्र भरलेला. नवमीला पावणेसात. भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून काल याच वेळी वाळू कोरडी होती हे आज कामाचं नाही. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी जिथवर येतं, तिथवर अष्टमीच्या भांगाला येत नाही. आणि हा झाला फक्त चंद्राचा हिशोब. लाटांचा हिशोब निराळा. हवाई बेटांच्या दक्षिण किनाऱ्यावर उन्हाळ्यात ज्या मोठ्या लाटा येतात, त्या न्यूझीलंडच्या बाजूच्या वादळांतून निघालेल्या असतात आणि पोचायला त्यांना आठवडाभर लागतो. किनाऱ्यावर ऊन पडलेलं, वारा नाही, आणि लाट मात्र कुठल्या कुठे उठलेली. म्हणून तिथे लाटांची खबर रोज सकाळी नव्यानं देतात. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था कोकणपट्टीसकट साऱ्या किनाऱ्यासाठी तेच काम करते. दिवेआगरला गाडी वाचली, ती त्या दिवशीच्या ओहोटीनं वाचवली. गृहस्थांनी श्रेय स्वतःकडे घेतलं.

तर, दहाच्या सुमारास फेरीहून परतलेल्या चार बायका मावशीच्या पाटाशी आल्या. वाती घेत होत्या. मावशीनं पैसे घ्यायच्या आधी त्यांचे पाय पाहिले. नऊवारीचे काठ गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलानं माखलेले. डोक्यावरचा पदर पिळून घेतलेला, तरी खांद्यावर पाणी निथळत होतं. एसटीत तासभर बसूनही कपडे वाळले नव्हते. आणि नाशिकमध्ये तर छत्री उघडावी लागत नव्हती.

"वर लई पाऊस होता का गं?"

"अहो, काय सांगू. छत्री धरू देईना वारा. पहाटेपासून खंड नाही. वाटेवरून पाणी ओढ्यासारखं वाहत होतं."

मावशीनं वातींचे पैसे घेतले, सुटे परत दिले आणि उठून छत्री मिटली.

"निघालात?" चहावाला ओरडला. "मावशी, आज सोमवार! असा धंदा पुन्हा नाही."

"तूही आवर. बाकडं तरी वर ने."

"अहो, विसर्ग बघा ना," असं म्हणून त्यानं पुन्हा तोच मेसेज दाखवला. मावशीला वाचता येत होतं. आकड्याच्या आधी बारीक अक्षरात 'स. 6.00' असं होतं, ते तिनं वाचलं. त्यानं वाचलं नव्हतं.

पुढचं फार लांबवायला नको. साडेअकराला शहरावर आभाळ फुटलं. गंगापूर रोडकडचे नाले भरून नदीत उतरले, गावातला सरस्वती नाला सराफ बाजाराच्या अंगानं फुगून आला. तिकडे धरणात त्र्यंबक-आंबोलीचं पाणी येऊन पोचलं होतं, आणि दरवाजे टप्प्याटप्प्यानं उघडायला सुरुवात झाली होती. भोंगा वाजला तेव्हा पाणी मारुतीच्या पायाला लागलं होतं. कमरेला यायला फार वेळ लागला नाही. गृहस्थ काळारामाच्या मंदिरात होते. धावत आले तेव्हा गाडी पटांगणावर हळूहळू वळत होती, कुणी आत बसून चालवावी तशी. घाटावरच्या पोरांनी पोहत जाऊन दोर बांधला, म्हणून ती खाली गाडगे महाराज पुलाकडे गेली नाही. दोन दिवसांनी क्रेननं काढली तेव्हा सीटवर वीतभर गाळ होता. माणूस कुणी गेलं नाही.

चहावाल्याची शेगडी आणि सिलिंडर वाचलं, बाकडं आणि कपबशा गेल्या. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. गृहस्थ भिजलेल्या पायरीवर उभे राहून त्याला एवढंच म्हणाले होते, "तूच म्हणाला होतास ना?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पूर ओसरला. घाट धुऊन काढायचं काम सुरू झालं. चहावाला खराटा घेऊन मावशीच्या जागेवरचा गाळही ओढत होता.

"मावशी, आकडा खोटा नव्हता हो."

"मी कुठं म्हटलं खोटा होता? सहाचा होता."

तो गप्प राहिला.

"आणि धरणाचा होता," ती पुढे म्हणाली. "गावात पडलेला पाऊस धरणातून येतो का रे? होळकर पुलाखालून किती पाणी चाललंय तोही आकडा असतो ना तुमच्यात? तो बघितलास?"

होळकर पुलाचा आकडा त्याच मेसेजमध्ये खालच्या ओळीत असायचा. तो खालपर्यंत कधी गेलाच नव्हता.

"पण मग नागपंचमीला तुम्ही उगाचच उचललं होतं," त्यानं जरा सावरून म्हटलं. "तेव्हा माझंच बरोबर निघालं."

"निघालं की. माझी अर्ध्या दिवसाची विक्री बुडाली. एवढंच बुडालं." मावशीनं पाटाचे पाय पुसायला घेतले. "बरं, मारुतीवर जाशील तर तो सांगतो आलेलं पाणी. येणारं पाणी वरचा माणूस सांगतो. माझी बहीण कधी चुकते, तुझा मोबाइल कधी शिळा असतो. म्हणून दोघांना विचारायचं. आणि काल विचारलं म्हणून आज सोडायचं नाही."

"मावशी, मला बहीण नाही त्र्यंबकला."

"एसटीतनं रोज शेकडो उतरतात. तुझ्याकडे चहा पितात. त्यांना कपडे नसतात का?"

पुढच्या पावसाळ्यात चहावाल्यानं टपरीला एक काळा फळा अडकवला. पहिली ओळ वेळेची, ती सगळ्यांत मोठ्या अक्षरात. मग गंगापूर धरण, मग होळकर पूल, मग उघड्या पायऱ्या, आणि शेवटी 'त्र्यंबकहून आलेले सांगतात', त्यापुढे दोन शब्द: 'जोर आहे', 'उघाड आहे', जे असेल ते. ही ओळ मावशी सांगायची, तो लिहायचा. सुरुवातीला तो सकाळी एकदाच लिहायचा. मावशीनं दुपारी बाराला स्वतः ओल्या फडक्यानं फळा पुसून टाकला. तो चिडला, निदान काहीतरी लिहिलेलं राहू दे म्हणाला. तिचं म्हणणं, कोरा फळा बघून माणूस विचारतो तरी. सकाळचं वाचून तो गाडी लावून मोकळा होतो. मला मावशीचं पटतं. त्या उन्हापावसाच्या दिवसांत फळा दिवसातून चार-चार वेळा पुसला जाऊ लागला, आणि लोक वाचून झाल्यावर वरची वेळ बघायला शिकले. घाटावर कुणी तिला ओट्यावरून चिडवत राहिलंच. तिनं त्या वर्षीही तीन वेळा पाट उगाच उचलला.

2027 मध्ये नाशिकला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, तीही पावसाळ्यातच. गंगेवर याल तेव्हा गाडी पटांगणावर लावू नका, वर लावा. मेसेज आला असेल तर त्यावरची वेळ वाचा, आणि पायऱ्या उतरायच्या आधी त्र्यंबकहून आलेल्या कुणाला तरी वरचा पाऊस विचारा.