सरवा

कोल्हारच्या पुलावरून आज प्रवरेच्या काठी ऊस दिसतो. याच नदीवरचं भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं १९२६ मध्ये. त्याआधी १८९९-१९०० च्या दुष्काळानं नगर जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. अमेरिकन मराठी मिशननं तेव्हा अनाथ पोरं सांभाळली. त्या काळात अनेक जण ख्रिस्ती झाले, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्यांच्या कपाळी आला. मला तो कधीच पटला नाही. उपाशी माणसाला देव भाकरीतून भेटला, तर त्यात उणं काय?

बायबलमधली नामी बेथलेहेमच्या दुष्काळातच घर सोडून मवाबात गेली. तिथं नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. परतल्यावर तिनं गावातल्या बायांना सरळ सांगितलं, देवानं माझं आयुष्य कडू केलं. तिच्या या तक्रारीला पवित्र शास्त्रानं कात्री लावलेली नाही, हे मला फार धीराचं वाटतं. रडत, भांडतही प्रार्थना करता येते.

मग तिची विधवा सून रूथ परक्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागं राहिलेली कणसं, वेचायला गेली. मालक बवाज कापणी करणाऱ्यांना म्हणाला, पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम गळू द्या, आणि तिला रागावू नका.