पाळी बदलते, रुग्ण तोच असतो

दत्तभक्त वाचकहो, दत्तजयंतीच्या अंकात दवाखान्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या वयाला देवळाइतकेच दवाखान्यातही जाणे-येणे असते, म्हणून एक प्रश्न मांडतो. रात्री आठला सिस्टरची पाळी बदलली. आठचे इंजेक्शन येणारी देईल, असे जाणारीला वाटले. जाणारीने दिले असेल, असे येणारीला वाटले. ते राहूनच गेले. दोष कोणाचा?

पाळी सुटताना पुढच्या सिस्टरला माहिती देतात, त्याला त्या ‘ओव्हर देणे’ म्हणतात. कोणाला काय दिले, काय राहिले, कोणाकडे लक्ष ठेवायचे, ते सगळे सांगायचे. औषधाचा नियमही सोपा आहे: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, आणि दिल्यावर लगेच नोंद. मी बँकेत क्लार्क होतो. तिथेही कॅश ताब्यात देताना ‘बरोबर असेल’ म्हणून चालत नसे. मोजायची, मगच सही. पण बँकेत शंभर रुपये कमी पडले तर संध्याकाळी हिशेबात दिसतात. राहिलेला डोस मात्र कोणी तक्ता उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही. कित्येकदा तो एकट्या सिस्टरलाच ठाऊक असतो. म्हणून हा प्रश्न नियमाइतकाच मनाचा आहे.

आपल्या इगतपुरीकरांना हे वेगळे सांगायला नको. मुंबईकडचा वीजप्रवाह वेगळा होता तेव्हा मेल-एक्स्प्रेसची इंजिने इथे बदलायची. आत झोपलेल्या प्रवाशाला पत्ताही नसे. एकाने दुसऱ्याकडे काम नीट सोपवले, यावरच त्याचा जीव विसंबून. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, त्यातही हेच आहे. आपण हजर असताना जे होते, ते आपण नसतानाही होईल, अशी सोय करून ठेवणे ही खरी जबाबदारी.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावी पोलिओच्या डोसाऐवजी बारा बालकांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. देवकृपेने ती सावरली. तीन कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कारवाई हवीच. पण ती बाटली तिथे आली कशी, हातात घेताना कोणी वाचली का नाही, हे प्रश्न कारवाईने मिटत नाहीत. उलट ‘व्यवस्थाच वाईट’ म्हणून हात झटकणेही खरे नाही. एका सिस्टरकडे खाटा फार असतात, हे मान्य. तरी ज्या हातात औषध आहे, त्या हाताचे उत्तर त्यालाच द्यावे लागते.

मला वाटते, चूक आणि लपवणूक यांत फरक करावा. चूक थकव्याने होते, लपवणूक ठरवून होते. डोस राहिला हे कळताक्षणी डॉक्टरांना सांगितले तर पुढे काय करायचे ते ठरवता येते. मैत्रीण अडकेल म्हणून गप्प बसले, तर त्या मैत्रीची किंमत रुग्ण मोजतो.

कोणी म्हणेल, त्याचे प्रारब्ध होते. बघा, प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखासाठी वापरावा. आपल्या हातून दुसऱ्याला झालेल्या दुःखासाठी नाही.

आणि आपण नातेवाईक? सिस्टरने खरे सांगितले आणि आपण अंगावर धावून गेलो, तर पुढची सिस्टर तोंड उघडणार नाही. दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण कायद्याने हात थांबतो. खरे बोलायचे धैर्य मात्र आपल्या वागण्यातूनच मिळते. जाब विचारावा, जरूर विचारावा. पण खरे सांगणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्यावी.

आपल्या दत्तमहाराजांची मुखे तीन, देह एक. दवाखान्यातही पाळ्या तीन, रुग्ण एक. एका मुखाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, असे तिथे होत नाही. तेवढे आपल्या कामात साधले, तरी मोठी सेवा झाली.

श्री गुरुदेव दत्त!